घरात शिरलेल्या माणसाचा जीव

घरफोडीची किंवा दरोड्याची मोठी बातमी आली की पाठोपाठ एक तक्रार हमखास ऐकू येते. चोर घरात शिरतो, जीव मुठीत धरून घरमालक त्याच्यावर वार करतो, आणि पोलीस घरमालकालाच उचलतात. म्हणजे कायदा चोराच्या बाजूचा आहे. तक्रारीबरोबर उपायही सुचवला जातो. विनापरवानगी घरात शिरणाऱ्याला ठार मारण्याची सरळ मोकळीक द्या. चौकशी नको, खटला नको.

मध्यरात्री मागच्या दाराची कडी उचकटल्याचा आवाज ज्याने एकदा ऐकला आहे, त्याच्या तोंडी ही मागणी आली तर तिच्यामागची भीती खरी असते. ती कोणी झटकून टाकू नये. पण मागणी मान्यही करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्या कायद्याने स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क भरपूर रुंद दिला आहे. त्याने तो हक्क धोक्याशी बांधला आहे, नुसत्या उंबरठ्याशी नाही. ही गाठ सोडली तर चोरांबरोबर वाट चुकलेले, मनोरुग्ण, भटके आणि केवळ अनोळखी असलेले लोकही मरतील, आणि त्यांच्या मरणाचा जाब विचारायची सोयही उरणार नाही.

कायदा मुळात काय सांगतो, ते आधी पाहू. खाजगी संरक्षणाच्या हक्काची कलमे १८६० च्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या क्रमांकांखाली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमे जवळजवळ जशीच्या तशी ३४ ते ४४ मध्ये आली आहेत. या तरतुदींचा पहिला मसुदा मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये केला. इथली माणसे अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत वाढली पाहिजे, म्हणून या हक्कावर फार बंधने घालायची नाहीत, अशी भूमिका आयोगाने मसुद्यासोबतच्या टिपणात मांडली होती. त्यामागे राज्यकर्त्याचा अहंकार होताच. परिणाम मात्र असा झाला की या देशाला स्वसंरक्षणाचा एक उदार कायदा मिळाला.

तो किती उदार आहे, हे कलम ३८ वाचले की समजते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने केलेला हल्ला, अपहरणासाठीचा हल्ला, सुटकेसाठी सरकारी यंत्रणेकडे जाता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी केलेला हल्ला, आणि २०१३ पासून अॅसिड हल्ला: यांपैकी काहीही समोर असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. कलम ४१ मालमत्तेबद्दल आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा मालाच्या साठ्याच्या जागेला आग लावणे किंवा ते स्फोटकांनी उडवणे, तसेच प्रतिकार केला नाही तर जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी रास्त भीती निर्माण करणारी चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी, या प्रसंगांतही मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क जातो. म्हणजे रात्री कुलूप फोडून आत आलेल्याला रोखताना घरमालकाच्या हातून मृत्यू झाला, तर तो खून ठरतोच असे अजिबात नाही.

न्यायालयांनीही हा हक्क आखडता घेतलेला नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या निवाड्यांचे सार एकत्र मांडले. हक्क सुरू होण्यासाठी आधी वार झेलावा लागत नाही. रास्त भीती निर्माण झाली की तो सुरू होतो. बेकायदा हल्ला समोर असताना माणसाने पळूनच जावे, अशी अपेक्षा नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी किती बळ लावायचे, हे सोन्याच्या काट्यावर तोलून ठरवता येत नाही, हेही न्यायालये पुन्हापुन्हा सांगत आली आहेत. आरोपीने बचावाचा मुद्दा शब्दांत मांडला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा, असा दंडक आहे. तो निर्विवाद सिद्ध करण्याचीही गरज नाही; तसे घडले असण्याची शक्यता अधिक आहे, इतके दिसले की पुरते.

आता मर्यादा. त्या मुख्यतः कलम ३७ मध्ये आहेत. संरक्षणासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क वापरायचा नाही. धोका संपला की हक्कही संपतो. पंजाबातल्या जमिनीच्या वादातून उभ्या राहिलेल्या जय देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हीच रेषा आखली. जमावाचा हल्ला परतवण्यापुरता हक्क होता. पण समोरचे लोक पळू लागल्यावर दूर गेलेल्यांवर झाडलेल्या गोळ्या संरक्षणात बसल्या नाहीत. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा स्वतःला वाचवत नसतो, तो शिक्षा देत असतो. आणि शिक्षा देण्याचे काम आपण सर्वांनी मिळून न्यायालयाकडे सोपवले आहे.

तरीही कायदा घाबरलेल्या माणसाला समजून घेतो. हक्क खरा होता, हेतू शुद्ध होता, पूर्वनियोजन नव्हते, पण भरात मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पूर्ण निर्दोष आणि खुनी यांच्यामध्ये अशी एक पायरी ठेवणारा कायदा चोराच्या बाजूचा आहे, असे म्हणता येत नाही.

या मर्यादांचा अर्थ स्पष्ट करणारा आणखी एक निकाल प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवा. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यातल्या माणसाच्या शौचालयाचा वापर शेजारचे लोक करत. ते थांबवण्यासाठी त्याने उघडी वीजवाहक तार लावली. एक शेजारीण तिला चिकटून मेली. ती विनापरवानगी आली होती, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तो फेटाळला. विनापरवानगी आलेला माणूस कायद्याच्या बाहेर फेकला जात नाही, आणि समोरासमोर जी इजा करण्याचा हक्क मालकाला नाही, ती सापळा लावून करण्याचाही नाही, हे त्यातले तत्त्व. महाराष्ट्रात रानडुकरांपासून किंवा चोरांपासून पीक राखायला कुंपणात चोरून वीज सोडली जाते आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या रानातला मजूर किंवा घरचाच पोर दगावतो. तारेला धोका ओळखता येत नाही. तिला फक्त हद्द कळते. माणसाच्या हातातल्या शस्त्रालाही हद्दीपलीकडे काही पाहायची गरज ठेवली नाही, तर त्यात आणि तारेत फरक काय राहिला?

हद्द ओलांडली एवढेच कारण पुरेसे मानले तर काय घडते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. घर म्हणजे मालकाचा किल्ला, हे तत्त्व इंग्लंडमधले. १६०४ च्या एका निकालाच्या वृत्तांतात एडवर्ड कोक याने ते नोंदवले. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ते खूप पुढे नेले. कोलोरॅडोने १९८५ मध्ये घरात बेकायदा शिरलेल्यावर प्राणघातक बळ वापरणाऱ्या रहिवाशाला मोठे संरक्षण दिले. फ्लोरिडाने २००५ मध्ये घराबाहेरही मागे न हटण्याचा हक्क कायद्यात लिहिला आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. टेक्सासमध्ये तर रात्री चोरीचा माल घेऊन पळणाऱ्यावरही काही अटींखाली प्राणघातक बळ वापरता येते.

१९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात जपानहून शिकायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या मेजवानीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराशी पोहोचला. घरातली बाई घाबरली, नवरा रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला, थांबण्याचा इशारा मुलाला बहुधा कळला नाही, आणि गोळी सुटली. फौजदारी खटल्यात ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र गोळी झाडण्याची गरज नव्हती असे ठरवून मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत आपल्या भावांना घ्यायला गेलेल्या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली आणि आतल्या वृद्धाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो कसाबसा वाचला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात रस्ता चुकलेली गाडी एका घराच्या आवारात वळली. मालकाच्या गोळीने गाडीतली वीस वर्षांची मुलगी मेली. त्या माणसाला २०२४ मध्ये खुनाबद्दल शिक्षा झाली. या तिन्ही घटनांत चोर कोणीच नव्हता. प्रत्येक वेळी मालकाच्या मनात मात्र घुसखोर उभा होता.

अशा कायद्यांनी चोर तरी घाबरतो का? टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या चेंग आणि होक्स्ट्रा या अर्थशास्त्रज्ञांनी २००० ते २०१० या काळात स्वसंरक्षणाचे कायदे सैल करणाऱ्या वीसहून अधिक राज्यांचा अभ्यास केला. घरफोड्या, जबरी चोऱ्या आणि गंभीर हल्ले घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मनुष्यहत्या मात्र सुमारे आठ टक्क्यांनी वाढल्या होत्या. अमेरिकेइतक्या बंदुका आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण काठी, कोयता आणि जमाव आपल्याकडे आहेत.

इंग्लंडची कहाणी वेगळी आणि अधिक शिकण्यासारखी आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये नॉरफोक परगण्यातल्या टोनी मार्टिन या एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात रात्री दोन चोर शिरले. त्याने बंदूक चालवली. सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीत छर्रे लागून मेला, दुसरा जखमी झाला. मार्टिनला खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि देश दुभंगला. पूर्वीही आपल्याकडे चोऱ्या झाल्या होत्या आणि पोलिसांचा उपयोग झाला नाही, ही त्याची कैफियत हजारोंना आपली वाटली. २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या मानसिक स्थितीमुळे गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला; स्वसंरक्षणाचा दावा मान्य केला नाही. पुढे २०१३ मध्ये संसदेने घरमालकाला थोडी अधिक सवलत दिली. घुसखोराविरुद्ध वापरलेले बळ काहीसे जास्त झाले तरी चालेल, पण ते बेसुमार नसावे आणि त्या परिस्थितीत वाजवी असावे. एवढ्या मोठ्या लोकक्षोभानंतरही तिथल्या संसदेने घरात शिरलेल्याला मारण्याची कोरी मोकळीक दिली नाही. भीती समजून घेतली, पण तपासण्याचा अधिकार सोडला नाही. आपल्या कायद्याची रात्रीच्या घरफोडीबद्दलची तरतूद दीड शतकाहून अधिक काळ याच दिशेची आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नातला सर्वांत गंभीर भाग पुढचा आहे. कायद्यातला कळीचा शब्द ‘रास्त भीती’ हा आहे. भीती कोणाची वाटते, हे फक्त समोरच्याच्या हातातल्या शस्त्रावर ठरत नाही. त्याचे कपडे, बोली, जात आणि गावाशी असलेले नाते यांवरही ती ठरते. दंड संहिता आल्यावर अकराच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभरातल्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. पारधी वस्तीतल्या माणसाला विचारा, तो शिक्का गावाच्या नजरेतून पुसला गेला आहे का. आसपास चोरी झाली की पहिला संशय आजही त्याच्यावर जातो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने त्याबद्दल सात जणांना जन्मठेप दिली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे, टाळेबंदीत अशाच अफवांनी धास्तावलेल्या जमावाने सुरतेकडे अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांच्या समोर मारले. दोन्ही ठिकाणच्या लोकांना विचारले असते तर त्यांनी हेच सांगितले असते, की आम्ही आमच्या मुलांचे आणि गावाचे रक्षण करत होतो. त्यांच्यातल्या काहींची भीती खरीही असेल. पण ती रास्त नव्हती. कोंडलेल्या, विनवणी करणाऱ्या माणसाकडून कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. भीती आणि रास्त भीती यांच्यातला हा फरक तपासण्याचे काम तपास आणि खटला करतात. चौकशीच नको म्हणणारा हा फरकच पुसून टाकायला सांगत असतो, आणि त्याची किंमत आधी डवरी गोसाव्याला, पारध्याला, परप्रांतीय मजुराला मोजावी लागते.

उंबरठ्यावर सगळी नजर लावली की आणखी एक सत्य नजरेआड होते. बाईला असलेला धोका दर वेळी दार फोडून येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घर म्हणजे किल्ला मानणारा कायदा किल्ल्याच्या आत असलेल्या हल्लेखोराबद्दल तिला काही देत नाही. आपले कलम ३८ हल्ला कोणी केला आणि तो कुठून आला हे विचारत नाही. हल्ला कसला आहे एवढेच विचारते. दीर, शेजारी, मालक किंवा सासरा, कोणीही असो, स्वतःला वाचवताना तिच्या हातून त्याचा मृत्यू झाला तर हा हक्क तिच्या पाठीशी उभा आहे. हक्क धोक्याशी बांधलेला असण्याचा मोठा फायदा इथे दिसतो.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. कायदा कागदावर चांगला असेल, पण पोलीस वेळेवर येत नाहीत, तक्रार घेत नाहीत, आणि निर्दोष सुटेपर्यंत माणसाची उमर जाते. हे खोटे नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरात कस्तुरबानगरातल्या जमावाने, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, अक्कू यादव या गुंडाला न्यायालयाच्या इमारतीतच ठार मारले. वर्षानुवर्षे तो वस्तीवर अत्याचार करत होता आणि तक्रारींचा उपयोग होत नव्हता, असे त्या स्त्रियांचे म्हणणे होते. खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. कायद्याच्या दृष्टीने तो स्वसंरक्षणाचा प्रसंग नव्हता, कारण यादव पोलिसांच्या ताब्यात होता. पण सरकारी यंत्रणेकडे जा, असे कायदा सांगतो तेव्हा ती यंत्रणा दाद देणारी असली पाहिजे, ही अट त्यात गृहीत धरलेली असते. कस्तुरबानगरात ती अट सरकारने मोडली होती.

यंत्रणा नापास झाली तर यंत्रणा सुधारण्याची मागणी करायची की प्रत्येकाला न्यायाधीश आणि जल्लाद करायचे? दुसऱ्या मार्गाने दुबळ्याला बळ मिळत नाही. ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना, माणसे आणि चांगला वकील आहे, तोच अशा मोकळिकीचा लाभ आधी उचलतो. जमिनीच्या वादात शत्रूला घरी बोलावून मारायचे आणि तो घुसला होता म्हणायचे, असा बनाव रचणे मग किती सोपे होईल, याचा विचार करावा. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. घरात घुसखोर मेल्याची खबर आली तर पहिल्या दिवसापासून बचावाची बाजूही तपासली जावी. तुटलेले कुलूप, उचकटलेली खिडकी, मृताजवळची हत्यारे, घरातल्यांच्या अंगावरच्या जखमा आणि पोलिसांना फोन केल्याची वेळ यांची पंचनाम्यात आणि वैद्यकीय तपासणीत नोंद व्हावी. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या लक्ष्मी सिंग खटल्यात सांगितले आहे. तपास अधिकाऱ्याने ते खटल्याची वाट न पाहता पाळावे. संरक्षणाचा हक्क उघड दिसत असेल तर सरधोपट खुनाचे आरोपपत्र लावून निर्णय न्यायालयावर ढकलू नये. असे खटले वर्षानुवर्षे लोंबकळू नयेत. ११२ ला केलेल्या फोननंतर पोलीस दुर्गम पाड्यावर किती वेळात पोहोचतात, याचा हिशेब प्रत्येक जिल्ह्यात जाहीर व्हावा. रात्री गस्त घालणाऱ्या ग्रामसुरक्षा दलांना काठीबरोबर कायद्याचेही शिक्षण मिळावे. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचे असते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतले कलम ४० गावोगावच्या चावडीवर लावले पाहिजे. त्या सहा तासांत पकडलेल्याला बांधून मारण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही त्याखाली ठळक लिहावे.

वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे. कोणी तुमच्या घरात शिरून तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या जिवावर उठला, तर हात आखडू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे. आरडाओरडा करा, शेजाऱ्यांना उठवा, पोलिसांना फोन लावा, आणि लढावे लागले तर लढा. पण तो पळाला तर त्याला जाऊ द्या, पडला तर हात थांबवा, पकडला तर पोलिसांच्या हवाली करा. आणि घरात शिरलेल्याला मारण्याची सरसकट परवानगी द्या, अशी मागणी कोणी केली, तर तिला नकार द्या.